जूनबाईंनी काढलेला फोटो



बरेच दिवस माझ्या टेबलावर एक पत्र पडून आहे. सातवीतल्या एका वाचकाचं. अक्षर गिचमिड, पण प्रश्न मात्र लाखमोलाचा! तो विचारतो, "काका, कोरोनाचा तो काटे काटे असलेला लाल चेंडू खरंच तसा दिसतो का? एवढीशी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, तर तिला काटे आहेत हे पहिल्यांदा कळलं कुणाला?"

आधी सोपा भाग उरकून टाकू. तो करडा चेंडू आणि त्यावरचे लालभडक तुरे हे चित्र आहे, फोटो नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात काम करणाऱ्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन चित्रकारांनी ते २०२० साली काढलं. लोकांचं लक्ष वेधावं म्हणून त्यांनी रंग तसे निवडले. खऱ्या कोरोना विषाणूला लाल, करडा, हिरवा असा रंगच नसतो. का नसतो, ते पुढे येईलच.

दुसरा प्रश्न मात्र मोठा आहे. त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात न्यायला हवं, तेही नव्वदेक वर्षांपूर्वीच्या.

ग्लासगो म्हणजे तेव्हा जहाजं बांधणाऱ्या कामगारांचं शहर. एकाला एक चिकटलेल्या उंच दगडी इमारती, आणि त्यात आपल्या गिरणगावातल्या चाळींसारखी दाटीवाटीने राहणारी बिऱ्हाडं. अशाच एका बिऱ्हाडात ५ ऑक्टोबर १९३० रोजी एक मुलगी जन्मली. तिचं नाव ठेवलं जून. जून हार्ट. (जन्म ऑक्टोबरचा आणि नाव जून! मलाही हे गमतीचं वाटलं होतं.) वडील बस चालवायचे.

जूनला एक धाकटा भाऊ होता, हॅरी. तो सहा वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. यात घशात एक करडा पडदा धरतो आणि लहान मुलांचा श्वास कोंडतो. हॅरी त्यातून वाचला नाही. आईबाबांनो, तुमच्या मुलाला दीड महिन्याचं असताना जी पाच रोगांवरची एकत्र लस टोचतात, त्यातला एक रोग हाच. तुमच्या आजीला विचारा, घटसर्प हे नाव ऐकून तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघा.

जून अभ्यासात हुशार. शाळेत तिला विज्ञानाचं बक्षीस मिळालं होतं. तिला विद्यापीठात जायचं होतं. पण बस ड्रायव्हरच्या पगारात ते बसेना. सोळाव्या वर्षी, १९४७ साली, जूनची शाळा सुटली.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट!

थांबा. जूनने नोकरी धरली ती ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी या मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. पगार आठवड्याला २५ शिलिंग. काम काय? तर रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या मांसाच्या तुकड्यांच्या पातळ चकत्या करायच्या, त्या रंगात बुडवायच्या, काचपट्टीवर बसवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. डॉक्टरांना रोगाचं निदान करायला हे लागतं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटेल. पण रोज अशा कितीतरी काचपट्ट्या बघताना डोळा तयार होत जातो, बरं का! निरोगी पेशी कशी दिसते हे ज्याच्या डोळ्यांत मुरलेलं असतं, त्यालाच बिघडलेली पेशी चटकन खटकते. सोनाराला जसं नुसत्या स्पर्शाने समजतं, तसंच हे.

पुढे ती लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात याच कामासाठी गेली. १९५४ साली तिने एन्रिकेस अल्मेडा या व्हेनेझुएला देशातल्या चित्रकाराशी लग्न केलं आणि दोघं कॅनडातल्या टोरांटो शहरात राहायला गेली. जून हार्टची आता जून अल्मेडा झाली. आपणही आता तिला 'जूनबाई' म्हणू या.

टोरांटोतल्या कर्करोग संस्थेत जूनबाईंना जी नोकरी मिळाली, तिने सगळं चित्र पालटलं. तिथे त्यांच्या हाती आला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

हे यंत्र काय असतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी मजा त्यात आहे.

तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढा. तिच्यावर सगळ्यात बारीक दोन रेघांमधलं अंतर किती? एक मिलिमीटर. आता कोरोना विषाणू एकाला एक चिकटून रांगेत उभे केले, तर त्या एका मिलिमीटरमध्ये साधारण दहा हजार मावतील! शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाने ते दिसत नाहीत. भिंगं कितीही चांगली आणली तरी दिसणार नाहीत. कारण प्रकाश लाटांनी बनलेला असतो आणि त्या लाटांची लांबी विषाणूच्या कितीतरी पट जास्त. समुद्राच्या मोठ्या लाटेला पाण्यातून वर आलेली बारीकशी काठी जाणवते का? ती तशीच पुढे निघून जाते. प्रकाशही विषाणूवरून तसाच निघून जातो. म्हणूनच विषाणूला रंगही नसतो. रंग हा प्रकाशाचा खेळ. जिथे प्रकाशाचंच चालत नाही तिथे रंग कुठला?

मग प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरायचा. त्यांची लाट फारच तोकडी असते. हजारो व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉन खाली सोडायचे, काचेच्या भिंगांऐवजी चुंबकांनी त्यांना वळवायचं, आणि खाली चमकणाऱ्या पडद्यावर चित्र उमटवायचं. मधे हवा असून चालत नाही, नाहीतर इलेक्ट्रॉन वाटेतच हवेच्या कणांना धडकून भरकटतील. म्हणून आतून सगळी हवा उपसून काढायची. माणसापेक्षा उंच असा धातूचा खांब, खोलीत अंधार, आणि त्या अंधारात हिरवट पडद्यावर डोळे लावून तासन् तास बसलेला माणूस, असं ते दृश्य.

पण एवढ्यानेही भागत नाही. विषाणू दिसायला आणखी एक युक्ती लागते, आणि ती तुम्हाला घरी करून बघता येईल. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने एखादं चित्र काढा. काहीच दिसणार नाही. मग पाण्यात शाई किंवा जलरंग कालवून तो कागदावरून हलकेच फिरवा. मेणावर रंग चढत नाही, आजूबाजूला चढतो, आणि तुमचं चित्र पांढरं उठून दिसतं! विषाणूंचंही असंच करतात. टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर विषाणूंचा थेंब ठेवायचा आणि त्यावर टंगस्टन या जड धातूचा क्षार असलेलं द्रव सोडायचं. टंगस्टन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बमधली तार ज्याची असते तो. हे द्रव विषाणूच्या आजूबाजूला, त्याच्या फटीफटींत साचतं. जड धातू इलेक्ट्रॉनांना अडवतो, म्हणून तिथे काळं दिसतं आणि मधला विषाणू उजळ दिसतो. ही युक्ती ब्रेनर आणि हॉर्न या दोघांनी १९५९ साली सोपी करून दाखवली होती. जूनबाईंनी ती उचलली आणि हाताला अशी बसवली की त्यांच्यासारखे स्वच्छ फोटो क्वचितच कुणाला जमत.

तिथेही एक अडचण होतीच. थेंबात विषाणू थोडे असतील आणि पेशींचा कचरा भरपूर असेल, तर काय? पंढरीच्या वाटेवर लाखो माणसांत एकटा वारकरी शोधायला गेलात तर सापडेल का? पण तोच वारकरी आपल्या दिंडीत असेल, सगळे एकाच पताकेखाली गोळा झालेले असतील, तर दिंडी लांबूनही ओळखू येते. जूनबाईंनी विषाणूंची दिंडीच जमवली! आपल्या शरीरात एखादा विषाणू शिरला की त्याला पकडायला रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. प्रत्येक प्रतिपिंडाला दोन हात असतात असं समजा. एका हाताने एक विषाणू धरायचा, दुसऱ्या हाताने दुसरा. मग ज्या माणसाला किंवा प्राण्याला तो रोग होऊन गेलाय, त्याच्या रक्तातला द्रव त्या थेंबात मिसळला तर काय होईल? विषाणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे झुबके बनतील. आणि झुबका नजरेतून सुटत नाही. शिवाय दुसरा फायदा असा की घशातल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं घातली आणि झुबका झाला, तर तो तोच विषाणू याची खात्रीही पटते. चामखिळीच्या आणि इतर काही विषाणूंवर त्यांनी हे करून दाखवलं. १९६३ साली त्यावरचा शोधनिबंध छापून आला.

एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या काळात जूनबाईंजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. नोकरीवर त्या तंत्रज्ञ होत्या. शास्त्रज्ञ विचार करणार आणि तंत्रज्ञ यंत्र चालवणार, अशी सगळीकडे वाटणी असते. कॅनडात मात्र ही भिंत तेवढी उंच नव्हती. तिथे त्यांचं नाव शोधनिबंधावर छापलं जाऊ लागलं, कधी कधी तर सगळ्यात आधी. मला विचाराल तर टोरांटोच्या लोकांचं हे ऋण फार मोठं आहे. फोटो काढणाऱ्याचं नाव फोटोखाली यायला हवं, एवढी साधी गोष्ट त्यांनी पाळली.

१९६४ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेतले प्राध्यापक वॉटरसन यांनी त्यांना परत लंडनला बोलावून घेतलं. ग्लासगोची मुलगी आता विषाणूंचे फोटो काढणारी नामांकित संशोधक म्हणून इंग्लंडला परतली.

आता जरा इंग्लंडमधल्याच दुसऱ्या एका गावी जाऊ. सॅलिसबरी. तिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधून दिलेल्या रुग्णालयाच्या लाकडी बराकी होत्या. १९४६ पासून तिथे एक अजब संस्था चालायची: सर्दी संशोधन केंद्र. सर्दीवर संशोधन कसं करायचं? तर धडधाकट माणसांना बोलवायचं, दहा दिवस ठेवून घ्यायचं, जेवणखाण फुकट, वर थोडा हातखर्च, आणि नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडायचे! मग बघत बसायचं, कुणाला शिंका येतात, कुणाला येत नाहीत. नाक पुसायला किती कागदी रुमाल लागले तेसुद्धा मोजायचे. काही लोक तर सुट्टी घालवायला म्हणून तिथे आनंदाने येत. दोघातिघांना मिळून एक घर, पुस्तकं, पत्ते, मोकळं माळरान. अट एकच, बाहेरच्या लोकांपासून दूर राहायचं. (आपण २०२० मध्ये हेच केलं, पण कुणी हातखर्च दिला नाही!)

या केंद्राचे प्रमुख होते डेव्हिड टायरेल. १९६० साली इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या एका निवासी शाळेत एका मुलाला सर्दी झाली. अगदी साधी, तुम्हाआम्हाला होते तशी. त्याच्या नाकातून धुऊन काढलेलं पाणी बाटलीत भरून टायरेलसाहेबांकडे आलं. बाटलीवर खूण लिहिली, बी-८१४. या पाण्याचे थेंब माणसांच्या नाकात टाकले की त्यांना सर्दी व्हायची. म्हणजे आत विषाणू होता हे नक्की. पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. सर्दीचे इतर विषाणू ज्या पेशींवर वाढायचे, त्यावर हा वाढत नव्हता. चोर घरात शिरलाय, भांडी पडल्याचा आवाज येतोय, पण दिवा लावला की कुणीच नाही, तशी गत!

मग स्वीडनमधल्या बर्टिल हूर्न या संशोधकाची पद्धत कामी आली. त्यांनी श्वासनलिकेच्या अस्तराचे छोटे तुकडे बशीत जिवंत ठेवायची रीत बसवली होती. या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते वाऱ्यावरच्या गवतासारखे सतत हलत असतात. त्या तुकड्यांवर बी-८१४ टिकला आणि वाढला. कळलं कसं? तर त्या बशीतलं पाणी पुन्हा माणसांच्या नाकात टाकलं आणि त्यांना सर्दी झाली. १९६५ साली हे छापून आलं. पण तो दिसतो कसा, कुणाच्या जातकुळीतला आहे, हे अजूनही कुणालाच माहीत नव्हतं.

टायरेलसाहेबांच्या कानावर जूनबाईंचं नाव आलं. एवढ्या कमी विषाणूंतून त्यांना काही दिसेल यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. तरीही त्यांनी नमुने पाठवले. त्यात बी-८१४ होताच. शिवाय फ्लूचा आणि हर्पीसचा हे ओळखीचे विषाणू असलेले तुकडेही होते. म्हणजे बाईंचं यंत्र आणि नजर किती खरी, याची जणू परीक्षाच.

जूनबाईंनी ओळखीचे विषाणू तर ओळखलेच, पण अनोळखी बी-८१४ सुद्धा शोधून काढला. गोलसर कण. आणि कणाच्या सगळ्या बाजूंनी एक झालर. टोकाला गोल गाठ असलेल्या, टाचणीसारख्या छोट्या छोट्या काड्यांची झालर.

खरी गंमत तर पुढेच आहे. ते फोटो बघून जूनबाई म्हणाल्या, असे कण मी आधी बघितलेत!

कुठे? कोंबड्यांना खोकल्याचा एक रोग होतो. १९३१ साली अमेरिकेत त्याची पहिली नोंद झाली. त्याचे विषाणू जूनबाईंनी पाहिले होते. उंदरांच्या यकृताला सूज आणणारा एक विषाणू असतो, तोही पाहिला होता. दोघांनाही हीच झालर. जूनबाईंना तेव्हाच वाटलं होतं की हे काहीतरी वेगळंच कुळ आहे. त्यांनी तसा शोधनिबंध लिहून पाठवलाही होता. आणि तो परत आला! शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातले जाणकार तो तपासतात. त्या जाणकारांनी शेरा मारला होता की हे नवीन काही नाही, हे फ्लूच्या विषाणूंचेच वाईट आलेले फोटो आहेत.

फ्लूच्या विषाणूलाही बाहेरून काटे असतात हे खरं. त्यामुळे तपासणारे अगदीच मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. पण फ्लूचे काटे दाट आणि आखूड, तर इथे काड्या विरळ आणि टोकाला फुगीर. ज्या बाईंनी सोळाव्या वर्षापासून काचपट्ट्या बघण्यात आयुष्य घातलं, त्यांना हा फरक दिसत होता.

आता मात्र माणसाच्या नाकातून आलेला तिसरा विषाणू तसाच निघाला. कोंबडी, उंदीर आणि सरे परगण्यातला शाळकरी मुलगा, तिघांच्या विषाणूंचं एकच कुळ! त्याच सुमाराला अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात डोरोथी हॅम्रे आणि जॉन प्रॉकनाउ यांना सर्दी झालेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये एक नवा विषाणू सापडला होता. त्याची खूण २२९-ई. जूनबाईंनी तोही पाहिला. तोही तसाच. १९६७ साली अल्मेडा आणि टायरेल या दोघांच्या नावाने फोटो छापून आले.

मग प्रश्न आला बारशाचा. वॉटरसनसाहेबांच्या खोलीत तिघं बसली: वॉटरसन, टायरेल आणि जूनबाई. 'फ्लूसारखे विषाणू' हे नाव अगदीच पुळचट वाटत होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती कणाभोवतीची झालर. मुकुटाला लॅटिन भाषेत म्हणतात कोरोना. ठरलं! १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आठ शास्त्रज्ञांच्या सह्यांनी हे नाव जाहीर झालं. त्यात सूर्याच्या कोरोनाची आठवणही काढली होती. खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला की त्याच्याभोवती जे पांढरं प्रभामंडल दिसतं, तो सूर्याचा कोरोना. तुमच्यापैकी कुणाचे आईबाबा २४ ऑक्टोबर १९९५ चं खग्रास ग्रहण बघायला राजस्थान नाहीतर उत्तर प्रदेशात गेले असतील, तर त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला असेल.

तेव्हा लोकांना या शोधाचं काय वाटलं? फारसं काही नाही! सर्दीचा आणखी एक विषाणू, बस. सर्दी काय, औषध घेतलं तर आठवड्यात बरी होते, न घेतलं तर सात दिवसांत. २००३ साली सार्स हा जीवघेणा रोग पसरला आणि त्याचा विषाणू याच कुळातला निघाला, तेव्हा जग दचकलं. २०१२ साली मर्स आला. आणि २०१९ च्या डिसेंबरात चीनच्या वुहान शहरात जे सुरू झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आज माणसाला आजारी पाडणारे सात कोरोना विषाणू माहीत आहेत. त्यातले चार आजही नुसती सर्दीच आणतात.

इथे एक खुलासा करतो. २०२० साली वर्तमानपत्रांत मथळे आले, 'बस ड्रायव्हरच्या मुलीने कोरोनाचा शोध लावला'. मथळा छान आहे, पण अर्धवट. नमुना जमवला टायरेलसाहेबांच्या माणसांनी, वाढवायची रीत आली स्वीडनहून, दुसरा विषाणू मिळाला शिकागोत, आणि नाकात थेंब घालून घेतले ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत अशा माणसांनी. जूनबाईंनी काय केलं? तर माणसाला होणारा कोरोना विषाणू पहिल्यांदा पाहिला आणि हे वेगळं कुळ आहे हे ओळखलं. मला वाटतं, एवढं श्रेय पुरेसं आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

पुढे त्यांनी आणखी बरंच पाहिलं. जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, याचा विषाणू कसा दिसतो हे १९६७ साली दाखवणाऱ्या गटात त्या होत्या. कावीळ-ब च्या विषाणूला बाहेरचं आवरण आणि आतला गाभा असे दोन वेगळे भाग असतात, हे त्यांच्याच झुबक्यांच्या युक्तीने स्पष्ट झालं. अमेरिकेचे अल्बर्ट कापिकियन त्यांच्याकडे ही युक्ती शिकून गेले. ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात १९६८ साली एका शाळेतली मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली होती आणि कारण सापडत नव्हतं. कापिकियन यांनी १९७२ साली त्या नमुन्यांत विषाणूंचे झुबके पाहिले. त्या गावावरूनच त्या कुळाला पुढे नोरोव्हायरस नाव पडलं. आणि जूनबाईंना शेवटी डॉक्टरेट मिळाली ती कॉलेजात जाऊन नव्हे, तर छापून आलेल्या शोधनिबंधांच्या जोरावर.

निवृत्तीनंतर काय केलं असेल? समुद्रकाठच्या बेक्सहिल गावी त्या राहू लागल्या, जुन्या वस्तूंची आवड जोपासली, आणि योग शिकवू लागल्या. हो, आपला योग! पण १९८० च्या दशकाच्या शेवटी सेंट थॉमसमधून पुन्हा बोलावणं आलं. एड्सच्या विषाणूचे चांगले फोटो हवे होते. बाईंनी सल्ला दिला, आणि उत्तम फोटो निघाले. १ डिसेंबर २००७ रोजी त्या वारल्या. कोविडची साथ त्यांनी पाहिली नाही.

आता शेवटचं, आणि हे आपल्या पुण्यातलं. पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये भारतातला कोविडचा पहिला रुग्ण नक्की झाला. त्या नमुन्यातला एक थेंब पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तांब्याच्या जाळीवर ठेवला. त्यावर टंगस्टनचं द्रव सोडलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतला. सगळे मिळून सात कण सापडले. त्यातला एकच अगदी चांगला टिकलेला होता, ७५ नॅनोमीटरचा. म्हणजे आपल्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे तेरा हजारांहून जास्त भाग केले तर त्यातला एक. त्याच्याभोवती झालर होती. मार्च २०२० मध्ये तो फोटो छापून आला, काळा-पांढरा.

तर सातवीतल्या मित्रा, काटे खरे आहेत. लाल रंग तेवढा चित्रकारांचा. मेणाचा प्रयोग जमला तर तुझं चित्र माझ्या पत्त्यावर पाठव. आणि शाई चादरीवर सांडली, तर आईला माझं नाव सांगू नकोस!

– तुमचा विज्ञानकाका